नमुना क्रमांक सत्तावीस

फ्रिज अजून माझ्याकडेच आहे, मॅडम.
विभागानं तो भंगारात काढला तेव्हा
मी साडेचारशे रुपये भरले, पावती घेतली
आणि टेम्पोत घालून घणसोलीला आणला.
वरच्या कप्प्यात दूध, आल्याचा तुकडा, बायकोचं इन्शुलिन.
खालच्या कप्प्यात, तिरकी, तुमची नळी:
ऐरोलीची खाडी, खोली चव्वेचाळीस सेंटिमीटर.
लेबलावर तुमचं जुनं, घाईचं अक्षर:
र. मढवी, कनिष्ठ व्याख्याता.

तेव्हा तुम्ही साडी खोचून
मांडीभर गाळात उभ्या राहायचात
आणि मी लाकडी मोगरीनं नळी ठोकायचो.
"हलू रं तांडेल, चार बोटांत येक सरकार बदलतं."
गाळ सोडायचा नाही. तुम्ही वरून बूच दाबायचात
मग यायचा, पच्च करून,
काळा, वासाचा, एकदा तर जिवंत निवटीसकट.
प्रयोगशाळेत तंगुसानं त्याच्या चकत्या करायचो
उकडलेल्या अंड्याच्या करतात तशा.
या चकतीत पारा. त्या चकतीत जास्त पारा.
सगळ्यात वरच्या चकतीचा आकडा आला त्या दिवशी
तुम्ही डबाच उघडला नाहीत.
सोड्यांचं कालवण तसंच घरी परत गेलं.

मग तुम्ही कुलगुरू झालात.
मी बदली मागून घेतली, तुमच्या दाराबाहेरच्या स्टुलावर.
निकाल रखडले, पोरांनी घेराव घातला,
रात्री अडीचला तुम्ही त्यांच्यासाठीच चहा मागवलात
आणि त्यांच्यातल्याच दोघांना घेऊन
उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायला बसलात.
त्या खुर्चीत तुमची बोली गेली.
आणि एक सवय लागली, ती मी दारातून पाहिली:
'नाही' म्हणायच्या आधी घोटभर पाणी पिण्याची.
पुढे पुढे नुसतंच पाणी.

दिल्लीला गेलात. विज्ञान सल्लागार.
इकडे पेपरात फोटो आला, मागे झेंडा, पुढे फुलं,
आमच्या गल्लीत मी पेढे वाटले.
रविवारी फोन यायचा: "आज ओहोटी किती वाजता?"
मी भिंतीवरून वाचून सांगायचो.
तिथे तुम्हाला ओहोटीचं काय काम, कधी विचारलं नाही.

खाडीच्या अहवालाचे मसुदे मात्र माझ्या मुलाच्या मेलवर आले.
"मराठी तेवढं बघ. तुला कळलं तर मंत्र्याला कळेल."
पहिल्यात शब्द होता, घातक.
दुसऱ्यात, चिंताजनक.
तिसऱ्यात, विचार करण्याजोगे,
आणि खाली तुमची सही, आता सावकाश, गोल.
दोन रविवार मी फोन उचलला नाही.
तिसऱ्या रविवारी तुम्ही ओहोटी विचारली नाहीत.
म्हणालात,
"घातक लिहिलं असतं तर फाइल कपाटात गेली असती.
आता निदान एक नाला वळेल."

वळला. तीन वर्षांनी.
मोठा नाही, कंपनीच्या मागचा, बारका.
परवा गेलो होतो. चिखलात निवट्या उड्या मारतायत,
शेपट्या आपटतायत, चिंबोऱ्यांची बिळंही दिसली.
तुमच्यामुळे, की आपल्या आपण,
ते सांगायला नवी नळी ठोकावी लागेल.

सव्वीस नमुने आपण कापले.
सत्ताविसावा तुम्ही कापू दिला नाहीत.
"ऱ्हाऊ दे येक, कुनी न इचारल्याला."
मी हसलो होतो. पोरीचा हट्ट वाटला होता.

आता तुम्ही नेरूळला राहायला आल्यात, कळलं.
तुमचा गुडघा बदललाय, माझा डावा डोळा.
सून म्हणते, बाबा, ती नळी काढा,
दुधाला खाडीचा वास लागतो.
मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांब, मॅडम येतील.
तंगूस आणून ठेवलाय, दिवाळ्याच्या बाजारातून.
टेबलावर पेपर अंथरीन, तुमचा फोटो नसलेला.
चकत्या किती जाड करायच्या
तेवढं सांगा.